वर्षावनांचा तास फसतो तो इथे: शिकवताना या चुका टाळा

वर्षावनांवरचा तास सहसा छान रंगतो. रंगीत पोपट, हिरवीगार चित्रं, शेवटी एक घोषणा. महिन्याभराने त्याच मुलांना विचारा, जंगल का तोडतात? उत्तर येतं, "माणसं वाईट आहेत म्हणून." प्रौढांच्या गटातही फारसा फरक नसतो, फक्त 'माणसं'च्या जागी 'कंपन्या' येतात. म्हणजे हळहळ पोचली, पण जंगल चालतं कसं आणि तुटतं कशामुळे, हे पोचलंच नाही.

'पृथ्वीच्या फुप्फुसां'पासून सुरुवात

दक्षिण अमेरिकेतलं अॅमेझॉनचं जंगल म्हणजे पृथ्वीची फुप्फुसं, ते जगाला २० टक्के प्राणवायू पुरवतं, हे वाक्य भिंतीवरच्या तक्त्यांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे भेटतं. ते चूक आहे. झाडं जितका प्राणवायू सोडतात, जवळजवळ तितकाच त्यांच्या स्वतःच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजताना खर्च होतो. हवेतला २१ टक्के प्राणवायू कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. उद्या सगळी वर्षावनं गेली तरी आपला श्वास कोंडणार नाही. एखादी चौकस मुलगी हे कुठेतरी वाचते आणि मग तुमच्या बाकीच्या, खऱ्या मुद्द्यांवरचाही तिचा विश्वास उडतो.

त्याऐवजी कार्बन (जो झाडांत साठून राहतो आणि जंगल जळलं की हवेत जातो) आणि पाणी शिकवा. पाणी तर डोळ्यांनी दाखवता येतं. पानांनी भरलेल्या फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवा, तोंड दोऱ्याने घट्ट बांधा. शेजारी तशीच रिकामी पिशवी फुगवून बांधा. तासा-दोन तासांत पहिल्या पिशवीत आतून धुकं धरतं, मग थेंब ओघळायला लागतात. थेंब आले नाहीत तर बहुधा फांदी सावलीत आहे किंवा गाठ सैल आहे. दोन्ही पिशव्यांत थेंब आले तर पिशव्या आधीच ओलसर होत्या. एवढं झालं की अॅमेझॉनच्या 'उडत्या नद्या' समजावणं सोपं जातं: झाडांनी सोडलेली वाफ वाऱ्याबरोबर अँडीज पर्वतापर्यंत जाते, तिथून दक्षिणेला वळते आणि जंगलापासून फार लांबच्या शेतांवर पाऊस होऊन पडते.

सगळी जंगलं एकाच चित्रात

मुलांच्या तक्त्यावर ओरांगउटान, गोरिला आणि मकाव पोपट एकाच झाडाखाली बसलेले असतात. वरवर निरुपद्रवी चूक. पण ओरांगउटान फक्त बोर्निओ आणि सुमात्रात राहतो, गोरिला आफ्रिकेत आणि मकाव अमेरिका खंडांत. प्राण्यांची सरमिसळ झाली की कारणांचीही होते. अॅमेझॉनमध्ये जंगल मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी जातं, इंडोनेशियात पामच्या आणि कागदासाठीच्या झाडांच्या लागवडीखाली बरंच गेलं, काँगोच्या खोऱ्यात छोटी शेती आणि कोळशासाठीची तोड मोठी आहे. तिघांना एकच उपाय कसा लागू पडेल?

वयाचा अंदाज चुकणं

पाच-सहा वर्षांच्या मुलांना जळणारं जंगल आणि होरपळलेले प्राणी दाखवू नका. ज्याची अजून ओळखच झाली नाही त्याची भीती तेवढी बसते. त्यांना मुंग्या, पानं, माती हाताळू द्या. उलट प्रौढांना माकडाच्या गोष्टी सांगून वेळ घालवू नका. त्यांना कर्ज, बाजारभाव आणि जमिनीचा मालकीहक्क यांवर बोलायचं असतं.

शाश्वत विकासाची व्याख्या पाठ करून घेणं

पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, ही संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची व्याख्या आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली १७ उद्दिष्टं घोकून कोणालाच काही कळत नाही. चवळीच्या दाण्यांचा खेळ घ्या, तो दहा वर्षांच्या मुलांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालतो. चौघांच्या मध्ये एक वाटी, तीत १६ दाणे. दर फेरीत प्रत्येकाने हवे तितके दाणे घ्यायचे, निदान एक तरी घ्यायलाच हवा. फेरी संपली की उरलेल्यांची दुप्पट करायची, मात्र १६ च्या वर नाही. प्रत्येकाने दोनच घेतले तर आठ उरतात आणि पुन्हा १६ होतात, खेळ कितीही चालू शकतो. तीन-तीन घेतले तर चारच उरतात, त्यांचे आठ होतात आणि पुढच्या फेरीला वाटीत खडखडाट.

हा खेळ तीन ठिकाणी अडतो. खेळणाऱ्यांनी सुरुवातीलाच आपसात ठरवून टाकलं तर मजा जाते, म्हणून पहिला डाव न बोलता खेळवा आणि दुसऱ्यात बोलायची मुभा द्या. सगळा दोष एकाच 'हावरट' खेळाडूवर आला तर तिसऱ्या डावात कोणालातरी कर्ज द्या, त्याला दर फेरीला चार दाणे फेडायचेच आहेत. आता तो हावरट आहे की अडलेला, यावर जी चर्चा होते तीच खरी शिकवणी. तिसरी अडचण खेळाच्या नियमातच आहे आणि ती शिकवणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवी: वर्षावन असं दुप्पट होत नाही. तिथल्या मातीत बहुतेक ठिकाणी कस थोडा असतो, पोषणद्रव्यं झाडांत आणि वरच्या पातळ पालापाचोळ्यात असतात. झाडं गेली की तीही जातात. म्हणून एक डाव असाही खेळा, की चारपेक्षा कमी दाणे उरले तर वाटी भरतच नाही.

'पामतेल सोडा' इथेच थांबणं

पामच्या एका हेक्टरातून सोयाबीनच्या कितीतरी पट तेल निघतं. सगळ्यांनी सोयाबीनचं तेल घ्यायचं ठरवलं तर आणखी जास्त जमीन लागेल. मोठ्या मुलांना हा पेच तसाच द्या, उत्तर हातात देऊ नका.

माणसं गाळणं

वर्षावनात लोक राहतात. रबराचा चीक काढून जगणारे ब्राझीलचे शिको मेंडिस जंगलासाठी आणि तिथल्या कामगारांच्या हक्कासाठी एकाच वेळी लढले आणि १९८८ मध्ये त्यांची हत्या झाली. १९९० पासून त्यांच्या नावाचं जे राखीव वन आहे, तिथे लोकांना राहायची आणि वनोपज काढायची परवानगी आहे. माझ्या मते 'विकास की पर्यावरण' या वादविवाद स्पर्धेपेक्षा हे एक उदाहरण जास्त शिकवतं.

फक्त वाईट बातम्या

ब्राझीलच्या अॅमेझॉनमधली वार्षिक तोड २००४ मध्ये सुमारे २७,८०० चौ. किमी होती, २०१२ मध्ये ती सुमारे ४,६०० वर आली. उपग्रहाची नजर, दंड, नवी संरक्षित क्षेत्रं आणि नव्याने जंगल तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही, हा २००६ चा सोया व्यापाऱ्यांचा करार, हे सगळं त्यामागे होतं. पुढे आकडा पुन्हा चढला, २०२१ मध्ये १३,००० च्या वर गेला आणि मग परत उतरला. हा चढउतार आलेख काढून द्या आणि प्रत्येक वळणावर काय बदललं ते शोधायला लावा.

वरच्या वर्गांना 'ग्लोबल फॉरेस्ट वॉच' या संकेतस्थळावरचा, उपग्रहांच्या माहितीवरून केलेला जंगलांचा नकाशा जरूर उघडून द्या, पण आधी बजावा: त्यातले गुलाबी ठिपके म्हणजे वृक्षाच्छादन गेलेलं आहे. लावलेलं निलगिरीचं रान कापलं तरी तिथे गुलाबीच दिसतं. विद्यार्थी हमखास सगळ्या गुलाबीची बेरीज करून 'एवढं जंगल संपलं' असं लिहून आणतात. तसं झालं तर एकच ठिपका निवडायला सांगा आणि त्या जागेची जुनी-नवी उपग्रह छायाचित्रं शेजारी ठेवून, आधी तिथे काय होतं आणि आता काय आहे, एवढंच लिहायला लावा.