लंडनहून गॉलवे, दोन दिवस: तयारीची यादी, आणि सगळ्यात आधी व्हिसा

गॉलवे आयर्लंडमध्ये, म्हणून आधी व्हिसा. हॉटेल नंतर, विमान नंतर, हवामान तर त्याहून नंतर. पासपोर्ट भारतीय असेल आणि तुम्ही ब्रिटनमध्ये नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर राहत असाल, तर आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनमध्ये कायमचं राहण्याची परवानगी मिळालेली असली तरी काढावा लागतो. ‘अहो, तिकडे जायला कोण विचारतंय, सीमाच नाही’ असं सांगणारा एकजण प्रत्येक ऑफिसात असतो. त्याचा पासपोर्ट ब्रिटिश असतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मोकळेपणी ये-जा करण्याची जी व्यवस्था आहे, त्या कॉमन ट्रॅव्हल एरियाची मोकळीक ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना आहे. शेंगेनचा व्हिसा असेल तर तोही इथे उपयोगाचा नाही; आयर्लंड युरोपीय संघात आहे, शेंगेनमध्ये नाही.

मागच्या खेपेला मी नेमकी इथेच अडकले. पुण्याहून आलेल्या आई-बाबांना काहीच अडचण नव्हती, कारण त्यांच्या ब्रिटिश व्हिजिटर व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा होता. ही सोय भारतीयांसाठी 2015मध्ये सुरू झाली. भारतातून काढलेल्या, तसा शेरा असलेल्या अल्पमुदतीच्या ब्रिटिश व्हिसावर आयर्लंडलाही जाता येतं. अट अशी की आधी ब्रिटनमध्ये उतरून तिथल्या इमिग्रेशनमधून आत आलेलं असायला हवं. मुंबईहून थेट डब्लिन गाठायचं नाही. म्हणजे पाहुणे जाऊ शकत होते आणि इथे राहून कर भरणारी मी काउंटरवरून परत. तेव्हा ‘आपल्या सगळ्यांचे व्हिसा आहेत’ एवढ्यावर थांबू नका. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट आणि व्हिसा हातात घ्या, वेगवेगळा बघा. नवऱ्याचा ब्रिटिश पासपोर्ट झाला असेल आणि तुमचा नसेल, तर त्याला लागत नाही, तुम्हाला लागतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याचा सारांश छापून सही करायची आणि कागदांबरोबर पासपोर्टही व्हिसा कार्यालयाच्या हवाली करायचा. एका प्रवेशाचे 60 युरो, अनेक प्रवेशांचे 100. पुन्हा जायची थोडी जरी शक्यता असेल तरी 100 वाला घ्या. काही आठवडे जातात आणि तेवढे दिवस पासपोर्ट हातात नसतो, त्यामुळे मध्येच भारतात लग्नाला जायचं असेल तर तारखा आधी जुळवा. विमानाचं परत न होणारं तिकीट व्हिसा हातात पडल्यावर. स्वस्तात मिळतंय म्हणून आधी काढू नका. अजिबात काढू नका.

आता तारखा. जुलैच्या मध्यापासून दोन आठवडे गॉलवेत कला महोत्सव असतो, तो संपतो तोच बॅलीब्रिटच्या घोड्यांच्या शर्यती सुरू होतात आणि आठवडाभर चालतात. सप्टेंबरअखेर कालवांचा (ऑयस्टरचा) उत्सव. गर्दी आवडत असेल तर ही मजा काही और आहे, पण खोली खूप आधी ठरवावी लागते आणि दर बघून डोळे पांढरे होतात. सुट्ट्यांचंही बघा: आयर्लंडची ऑगस्टमधली सुट्टी पहिल्या सोमवारी, इंग्लंडची शेवटच्या सोमवारी. आपली ऑगस्टअखेरची सुट्टी तिकडे साधा सोमवार असतो, हा आपला फायदा. खोली आयर स्क्वेअरच्या आसपास घ्या. बस आणि रेल्वे स्टेशन तिथेच आहेत, जुनं गाव पायी फिरण्याएवढंच आहे. क्वे स्ट्रीटच्या वरची खोली घेऊ नका, रात्री झोप लागणार नाही.

गॉलवेचा विमानतळ नकाशावर दिसेल, पण तिथून 2011पासून प्रवासी विमानसेवा नाही. डब्लिनला उतरायचं आणि विमानतळावरूनच थेट गॉलवेची बस पकडायची. अडीच ते तीन तास. रेल्वे ह्यूस्टन स्टेशनवरून सुटते, पण त्यासाठी आधी डब्लिन शहरात शिरावं लागतं. शॅनन विमानतळ त्याहून जवळ आहे, जमलं तर तोच बघा. बसची जागा आधीच आरक्षित करा, विशेषतः रविवारच्या परतीची. रविवारी संध्याकाळी विद्यार्थी आणि नोकरदार सगळे एकदमच निघतात.

कपडे: टोपी असलेलं, वाऱ्यात टिकणारं रेनकोटसारखं जाकीट. छत्री नको. अटलांटिकचा वारा ती उलटी करून हातात देतो. बूट पाण्यात टिकणारे. बाकी तुम्हाला कळतं.

दोन दिवसांत काय बघायचं, तर इथे लोक हावरटपणा करतात. मोहेरचे समुद्रावरचे कडे आणि अरान बेटं, दोन्ही एका वीकेंडला बसत नाहीत. बसवली तर गॉलवे राहून जातं. एकच निवडा. मोहेरला बसने पूर्ण दिवस लागतो. वाटेत बरेनचा चुनखडीचा उघडाबोडका, राखाडी मुलूख लागतो आणि मला तो कड्यांपेक्षा जास्त आवडतो. कडा सगळ्यात उंच जागी 214 मीटर. धुकं असलं तर यातलं काही दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी अंदाज बघून मगच शनिवार की रविवार ते ठरवा. अरानसाठी रोसावीलपर्यंत बस आणि पुढे बोट, सुमारे पाऊण तास. बोट लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्यायची, बोटीत बसल्यावर नाही. त्यातल्या इनिश मोर बेटावर दून एंगसचा दगडी किल्ला थेट कड्याच्या टोकावर आहे आणि टोकाला कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नका.

दुसरा दिवस गावाला द्या. सेंट निकोलस चर्च 1320 सालचं. शनिवार-रविवारी त्याच्या बाजूला बाजार भरतो. शनिवारी सकाळी जा, रविवारी दुपारपर्यंत तिथे काही नसतं. तिथून शॉप स्ट्रीट, क्वे स्ट्रीट, रस्त्यावरचे गाणारे-वाजवणारे, शेवटी नदीकाठी 1584ची स्पॅनिश आर्च. कमान बघून निराश व्हाल, ती लहानशी आहे. पण कॉरिब नदी तिथे समुद्राला मिळताना इतकी जोरात धावते की बाबा तिथून हलायला तयार नव्हते. (हो, ते गेले. मी फोटो बघितले.) संध्याकाळी सॉल्टहिलचा प्रॉम, म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता, आणि टोकाच्या भिंतीला पायाने टोला मारून मागे फिरायचं. सगळे मारतात, तुम्हीही मारा. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. बेत त्याप्रमाणे आखा.

संगीतासाठी टिग कोली हा पब किंवा सी रोडवरचा क्रेन बार. वाजवणारे मंचावर नसतात, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसतात, त्या खुर्च्या त्यांच्याच. रिकामी दिसली म्हणून बसू नका. सूर चालू असताना मोठ्याने गप्पा नकोत. मुलं बरोबर असतील तर नीट ऐका: अठरा वर्षांखालच्यांना रात्री नऊनंतर पबच्या बारमध्ये बसता येत नाही, मे ते सप्टेंबर दहानंतर. ‘आम्ही फक्त जेवतोय’ म्हणून वाद घालू नका, तो कायदा आहे. मुलांना संध्याकाळच्या लवकरच्या मैफलीला न्या.

शाकाहारींनी चावडर हे घट्ट सूप मागवू नये, त्यात मासे असतात. भाजीचं सूप आणि सोडा ब्रेड बहुतेक ठिकाणी मिळतो. चिप्स कशात तळतात ते विचारा. मासे खाणाऱ्यांना काही सांगायची गरज नाही. गॉलवेची प्रसिद्ध क्लाडा अंगठी घ्यायची असेल तर दोन-तीन दुकानांत भाव बघून घ्या.

हे वाचून आता लगेच विमानाचे दर बघायला लागला असाल तर थांबा. व्हिसा आहे? नक्की आयर्लंडचाच? आणि बेलफास्टहून बसने गेलं तर कुणी बघत नाही, ही कल्पना डोक्यातून काढा. तपासणी कधीही होते, आणि बेकायदा प्रवेशाचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो.

पैसे: युरो. पौंड उत्तर आयर्लंडमध्ये, गॉलवेत नाही. कार्ड सगळीकडे चालतं, बाजारासाठी थोडी रोकड. प्लग ब्रिटनचाच. फोनचं रोमिंग तुमच्या प्लॅनमध्ये आहे का ते बघा. औषधं. गाड्या डावीकडूनच.

परतीची बस विमानाच्या वेळेच्या पुष्कळ आधीची घ्या, डब्लिनच्या रिंग रोडवर कधी अडकाल सांगता येत नाही. ब्रिटनच्या ई-व्हिसा खात्याला चालू पासपोर्ट जोडलेला आहे ना, ते निघण्याआधीच तपासा. स्वस्त विमान कंपन्यांच्या काउंटरवर आपल्याला जातानाही आणि येतानाही कागद तपासून घ्यावे लागू शकतात. सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहण्याआधी ते करून घ्या.