अध्ययन अक्षमता असलेल्या किशोरांना शिकवताना या चुका टाळा

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सतत येणारी अडचण. ती असलेल्या आठवी-नववीतल्या विद्यार्थ्याला नीट वाचता येत नाही हे लक्षात आले की पुष्कळदा त्याच्यासमोर पहिली-दुसरीचे पुस्तक ठेवले जाते. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच. त्याचे वाचनकौशल्य कच्चे असले, तरी तो चौदा वर्षांचा आहे. वर्गमित्रांच्या देखत 'कमळ', 'बदक' वाचावे लागले की तो अपमान चुकवण्यासाठी तो वाचनच टाळू लागतो आणि त्या टाळण्याला आपण आळस असे नाव देतो.

जोडाक्षरांचा आणि रफाराचा सराव अवश्य घ्यावा, पण तो त्याच्या इयत्तेतल्या शब्दांवर घ्यावा. विज्ञानातले 'परावर्तन' आणि 'अपवर्तन' हे शब्द घ्या. दोन्हींचा शेवट सारखाच असल्यामुळे अडखळत वाचणाऱ्याला ते एकच वाटतात. 'वर्तन' हा भाग एका रंगाने आणि 'परा', 'अप' हे भाग दुसऱ्या रंगाने लिहावेत. मग आरशावरून परत फिरणारा आणि पाण्यात शिरताना दिशा बदलणारा असे दोन किरण त्याला स्वतःच्या हाताने काढू द्यावेत. अशा रीतीने वाचन आणि विज्ञान ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात, शिवाय त्याच्या वयाचा मानही राखला जातो.

'दहा वेळा लिहून आण' हा उपायही सोडून द्यावा. ज्याला लेखनाचीच अडचण आहे त्याचे सारे लक्ष अक्षर वळवण्यात जाते आणि मजकूर मनात उतरत नाही. तोंडी उत्तर अचूक येते पण वही कोरी राहते, असे दिसले तर आधी त्याचे उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, त्यातून चार-पाच मुख्य शब्द निवडायला सांगावेत आणि त्यांच्या आधारे वाक्ये लिहून घ्यावीत. काल आलेले आज आठवत नसेल, तर संपूर्ण धडा पुन्हा शिकवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्याने पाच-पाच मिनिटांची तोंडी उजळणी घ्यावी.

गणितात चूक नेमकी कुठे होते, हे न पाहताच 'याचे गणित कच्चे आहे' असा शिक्का मारला जातो. समीकरण मांडून दिल्यावर ते सोडवणारा विद्यार्थी शाब्दिक उदाहरणात अडत असेल, तर अडचण बहुधा वाचनाची असते. उदाहरण त्याला वाचून दाखवले की हे लगेच कळते. उभ्या मांडणीत अंक सरकत असतील तर चौकटीची वही पुरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. मात्र अक्षमतेचे प्रमाणपत्र हाती आले की शिकवण्याचा प्रयत्न सैल पडतो, ही चूक फार महागात पडते, कारण सवलतीमुळे परीक्षा देणे सुकर होते, विषय समजत नाही. लेखनिकाची पहिली भेट थेट परीक्षेच्या दिवशी होणे हेही तितकेच घातक आहे. उत्तर सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य असल्याने नववीच्या घटक चाचण्यांपासूनच त्याचा सराव घ्यावा: वाक्य कुठे संपवायचे, परिच्छेद कधी बदलायचा, आकृतीला नावे कोणत्या क्रमाने द्यायची आणि लिहिलेले परत वाचून दाखवा असे न संकोचता कसे म्हणायचे.