ठाण्याचा जुना नकाशा क्यूजीआयएसमध्ये सरकतो किंवा पिळवटतो तेव्हा

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन केलेला जुना नकाशा खऱ्या जागी बसवताना त्यावरच्या ओळखीच्या जागांना, म्हणजे नियंत्रणबिंदूंना, त्यांचे खरे स्थान आकड्यांत दिले जाते. नकाशा नीट बसला नाही, तर आधी दोष ओळखावा. संपूर्ण नकाशा एकाच दिशेने काहीशे मीटर सरकला असेल, तर बिंदूंना हात न लावता संदर्भप्रणाली, म्हणजे ते आकडे ज्या मोजणीच्या चौकटीत आहेत ती, तपासावी. भारतीय सर्वेक्षणाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती आधारावर असतात आणि उपग्रहचित्रे डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जागतिक आधारावर, त्यामुळे जुन्या पत्रकावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरले की असे अंतर पडणारच. ठाण्यासाठी मीटरमधील प्रणाली यूटीएम ४३ उत्तर, प्रणालींच्या यादीतला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. अंशांत आकडे भरताना एक्समध्ये रेखांश, सुमारे ७२.९७, आणि वायमध्ये अक्षांश, सुमारे १९.२, असावा, अदलाबदल झाल्यास ठाणे थेट आर्क्टिकमध्ये जाते.

नकाशा पिळवटत असेल, तर दोष बहुधा नियंत्रणबिंदूंत असतो. खाडीचा काठ आणि खारफुटीची कड बिंदूसाठी घेऊच नये, कारण भराव व गाळाने ती रेषा बदललेली असते. मासुंदा तलावाच्या काठापेक्षा शेजारचे कौपिनेश्वर मंदिर अधिक भरवशाचे. बिंदू चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी पसरावेत. सगळे स्टेशनजवळ घेतले, तर घोडबंदरकडची बाजू हमखास भरकटते.

बिंदूंवरून नकाशा बसवण्याचे गणिती सूत्रही निवडावे लागते. तिसऱ्या घाताच्या बहुपदीला किमान १० बिंदू लागतात, पण सपाट स्कॅनसाठी पहिला घात सहसा पुरतो. थिन प्लेट स्प्लाइन हे नकाशा हवा तसा वाकवणारे सूत्र प्रत्येक बिंदूतून तंतोतंत जाते, म्हणून तिथे दिसणाऱ्या शून्य त्रुटीवर, म्हणजे बिंदू आपल्या जागेपासून जितका हुकतो त्या अंतरावर, विसंबू नये. पहिल्या घातावर सर्वाधिक त्रुटीचा बिंदू शोधून तो आधी पुन्हा टिपावा. सरसकट काढून टाकू नये.