कच्चाच खायचा कुकी डो: आधी मैदा वाफवून घ्या

अंडं वगळलं की कुकी डो, म्हणजे बिस्किटांसाठी मळलेला न भाजलेला गोळा, कच्चा खायला हरकत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझी भाचरं तर परातीतूनच बोटं चाटायची. पण काळजी नुसती अंड्याची नाही, मैद्याचीही आहे. गहू शेतात उभा असतो तेव्हा पाखरांची विष्ठा, गुरांचं शेण त्याला लागू शकतं, आणि दळताना जंतू मरतील इतकी उष्णता त्याला कुठेच मिळत नाही. पीठ कितीही पांढरंशुभ्र दिसलं तरी ते कच्चंच. अमेरिकेत २००९ साली पाकिटातल्या कच्च्या कुकी डोमुळे आणि २०१६ साली मैद्यामुळे माणसं ई. कोलाय या जंतूने आजारी पडली होती. फ्रीजरमध्ये ठेवूनही हे जंतू मरत नाहीत, त्यामुळे ‘थंड करून खाल्ला’ याला काही अर्थ नाही.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे मैदा कढईत भाजा किंवा मायक्रोवेव्हमध्ये फिरवा. मला तो पुरेसा वाटत नाही. कोरड्या पिठात साल्मोनेलासारखे जंतू उष्णतेला चिवटपणे तोंड देतात, ओलाव्यात तेच लवकर मरतात. शिवाय कढईत कडेचा मैदा करपतो तेव्हा मधला जेमतेम कोमट असतो. घरी भाजलेल्या पिठावर विसंबू नका, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही सांगतं. मग आपल्याकडे दिवाळीला मैद्याच्या चकल्यांसाठी जे करतात तेच का करू नये? पुरचुंडी बांधून मैदा वाफवायचा. गोव्यातल्या साखळी गावात आमच्या घरी आई हे नेहमी करते, आणि कुकी डोसाठी याहून बरी रीत मला सापडलेली नाही.

पाव किलो मैदा स्वच्छ, पातळ सुती फडक्यात बांधा. चकल्यांसाठी गोल गाठोडं चालतं, इथे ते थापून एक इंच जाडीचं चपटं करा, म्हणजे वाफ मधोमध पोचते. कुकरमध्ये दोन इंच पाणी, त्यावर जाळी, जाळीवर पुरचुंडी आणि वर उपडी ताटली, म्हणजे झाकणाचं पाणी मैद्यावर गळत नाही. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पंधरा मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. उघडल्यावर मैद्याचा घट्ट गोळा झालेला दिसेल. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मधोमध खुपसा. ७४ अंश सेल्सियसच्या वर आकडा हवाच, कुकरमधून काढल्याबरोबर तो नव्वदीच्या घरात असतो. गोळा फोडल्यावर मध्ये भुरभुरीत कोरडा मैदा सुटला तर वाफ आत पोचलेली नाही, परत बांधा आणि परत वाफवा.

गोळा गरम असतानाच फोडा, गार झाला की दगड होतो. मिक्सरला फिरवून चाळून घ्या. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा: कच्चा मैदा ज्या डब्यात, चाळणीत, चमच्यात होता ती भांडी साबणाने धुऊन, पूर्ण कोरडी करूनच वापरा, नाहीतर वाफवण्याचा सगळा खटाटोप फुकट. मग हा मैदा कढईत पाचेक मिनिटं मंद आचेवर परता. हे जंतूंसाठी नाही, ओल जाण्यासाठी आणि बिस्किटासारखा खमंग वास येण्यासाठी. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच इतकी दमट की परतण्याची ही पायरी गाळली तर डो गिचका होतो. आता मैदा पूर्ण गार होऊ द्या, कोमट मैद्यात बटर वितळतं.

पुढचं काम सोपं. शंभर ग्रॅम मऊ बटर आणि साठ ग्रॅम पिठीसाखर फिक्कट होईपर्यंत फेटा. साठ ग्रॅम गूळ दोन चमचे पाण्यात उकळून, गाळून, गार करून घाला. गुळात काडीकचरा असतो, म्हणून तो कच्चा घालू नका. वर एक चमचा व्हॅनिला, दीडशे ग्रॅम तयार मैदा आणि बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ. हाताने जेमतेम गोळा वळता आला पाहिजे. कोरडा वाटला तर उकळून गार केलेलं दूध चमच्याचमच्याने घाला. बेकिंग सोडा घालू नका, भाजायचंच नाही तर फुगवायचं कशाला, आणि कच्चा सोडा जिभेला लागतो.

चॉकलेटचे तुकडे घातले की मुलं खूश. पण माझा जीव आपल्या इथल्या चवींत आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माडाचा काळा गूळ मिळतो. साध्या गुळाऐवजी तो घ्या आणि मंद आचेवर लालसर भाजलेलं सुकं खोबरं घाला, दोदोल या गोव्याच्या नारळ-गुळाच्या मिठाईची आठवण येते. ओला नारळ नको, आपल्या हवेत तो लगेच आंबतो. सालीसकट भाजलेले काजू भरड कुटून, वेलची आणि जायफळ घातलेला डो मोठ्यांना जास्त आवडतो. जत्रेतलं खाजं आवडत असेल तर गूळ उकळतानाच त्यात आल्याचा रस घाला आणि भाजलेले तीळ मिसळा. ख्रिसमसची पेराद, म्हणजे पेरूची वडी, उरली असेल तर तिचे बारीक तुकडे घाला, पण मग साखर निम्मी करा. नाचणीचा करायचा तर निम्मा मैदा, निम्मं नाचणीचं पीठ, आणि तेही वाफवूनच.

घरात गरोदर बाई, अगदी लहान मूल, थकलेले आजी-आजोबा किंवा मोठ्या आजारातून उठलेलं कोणी असेल तर त्यांच्यासाठी मैद्याच्या वाटेला मी जातच नाही. मारी बिस्किटं मिक्सरला बारीक करून मैद्याऐवजी तोच चुरा घालते, साखर कमी करते. बिस्किट भट्टीत भाजलेलंच असतं. चव थोडी वेगळी लागते, पण वाटी पुसून खाल्ली जाते.

तयार डो झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये चार दिवस ठेवा, बाहेर दोन तासांच्या वर नको. जास्त केला असेल तर सुपारीएवढ्या गोळ्या वळून ताटलीत सुट्या गोठवा आणि मग पिशवीत भरा. मे महिन्यात मानकुराद आंब्याचा रस कढईत घट्ट आटवून, गार करून या गोळ्यांवर घाला, तेव्हा गोळ्यांत चॉकलेट मात्र नको.