जुन्या शंभर सीसीची टायमिंग चेन: इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली आणि स्प्लेंडर १९९४ साली. दोन्हींत ९७.२ सीसीचं तेच आडवं (सिलिंडर जवळजवळ जमिनीला समांतर असलेलं) इंजिन. त्यातल्या कित्येक गाड्या अजून दुधाचे कॅन वाहतात, उसाच्या बांधावरून जातात, आणि त्यांच्या डाव्या बाजूने खडखड आली की निकाल ठरलेला असतो: ‘टायमिंग चेन गेली.’ चेन बदलली जाते, मजुरी दिली जाते आणि महिन्याभरात खडखड परत हजर.

ही चेन क्रँकची (पिस्टन फिरवतो त्या दांड्याची) फिरकी कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) नेते. पिस्टनच्या नेमक्या जागी व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं म्हणजे टायमिंग. चेनचा आवाज आणि चेनचं टायमिंग ही दोन वेगळी दुखणी आहेत. चेन वाजत असतानाही टायमिंगच्या खुणा तंतोतंत जुळलेल्या असू शकतात, आणि अजिबात न वाजणारं इंजिनही स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) एका दाताने चुकलेलं असू शकतं. कोणतं दुखणं आहे हे अर्ध्या तासात, हेड (सिलिंडरचं कॅम आणि व्हॉल्व्ह असलेलं डोकं) न उघडता कळतं.

ही माहिती याच आडव्या इंजिनाची आहे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला पुशरॉड (व्हॉल्व्हची यंत्रणा ढकलणाऱ्या काड्या) असतात, तिथे टायमिंग चेन नाही. यामाहाची आरएक्स १०० टू-स्ट्रोक, तिला कॅमवर चालणारे व्हॉल्व्हच नाहीत. उभ्या इंजिनाच्या गाड्यांत टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या, मागे बोल्टने बसवलेला असतो आणि खुणा वेगळ्या असतात, पण तपासायचं तर्कशास्त्र हेच.

आवाज ऐकून निकाल देणं

या इंजिनात चेन आणि मॅग्नेट (क्रँकवरचं चुंबकी चाक) डाव्या बाजूला, क्लच उजव्या बाजूला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐका. हेडवर एका लयीत टकटक येत असेल तर ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाची. ती इंजिनच्या निम्म्या वेगाने येते, कारण कॅम क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. गाडी थंड असताना मोठा आणि तापल्यावर कमी होणारा बोदा ठोका पिस्टनचा. क्लच लिव्हर दाबल्यावर थांबणारा आवाज उजव्या बाजूचा, त्याचा चेनशी संबंध नाही. चेनचा आवाज डाव्या बाजूला, चेन जाते त्या ब्लॉकच्या बोगद्यात असतो. तो एकसारखा ठोका नसतो, खरवडल्यासारखा खडखडाट असतो, आणि रेस सोडताना वाढतो.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी दोन-चार सेकंद खडखडून शांत होत असेल तर चेनवर आळ घेऊ नका. या इंजिनाचा टेन्शनर स्प्रिंगच्या जोडीला ऑइलवरही चालतो. त्याच्या रॉडमध्ये ऑइल कोंडलं की चेन ताणलेली राहते. रात्रीतून ते उतरतं, सकाळी परत भरतं. आवाज मिनिटभर टिकायला लागला, तर आधी रॉड, त्याचं रबरी टोक आणि स्प्रिंग बघा.

टॅपेट न बघता टायमिंगवर उडी मारणं

पैसे सर्वात जास्त वाया घालवणारी चूक हीच. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, तापलेली गाडी किकला दाद देत नाही, स्लो स्पीड टिकत नाही. टायमिंग एका दाताने चुकलं तरी नेमकी हीच लक्षणं. म्हणून आधी टॅपेट बघा, इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी). या इंजिनातला गॅप मिमीच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो, ‘थोडी हलते म्हणजे बरोबर’ हा अंदाज इथे चालत नाही. आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या.

कंप्रेशन गेजने मोजत असाल तर रेस पूर्ण खेचून धरा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत किक मारा. आकडा कमी आला की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनची रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा टायमिंग. इथे एक गोम आहे. या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा, त्यामुळे ऑइल खालच्या भिंतीला साचतं आणि वरची रिंग कोरडीच राहते. ऑइल टाकल्यावर आधी हळूहळू चार-पाच किक मारून ते सगळीकडे पसरवा, मग मोजा. नाहीतर खराब रिंगचा दोष टायमिंगच्या माथी जातो.

‘टी’ ऐवजी ‘एफ’ धरणं

प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. दोन्ही टॅपेटची झाकणं काढा. मॅग्नेट कव्हरवर खूण बघायचं छोटं झाकण असेल तर ते उघडा, नसेल तर कव्हरच काढा. हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकणही काढा. त्याला धरणारा लांब बोल्ट उजव्या बाजूने येतो, डावीकडून पेचकसाने झाकण उचकटू नका. आत कॅमचं स्प्रॉकेट दिसेल.

मॅग्नेटवर दोन रेघा असतात, ‘टी’ आणि ‘एफ’. ‘टी’ म्हणजे पिस्टन टोकाला. ‘एफ’ म्हणजे स्पार्कची वेळ, ती ‘टी’च्या आधी येते. मळ आणि गंजाखाली दोन्ही अक्षरं सारखीच दिसतात. पेट्रोलच्या चिंधीने पुसा, खडूने घासा, अक्षर वाचता आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘एफ’वर थांबून स्प्रॉकेट बघितलं तर खूण ना पूर्ण जुळते ना पूर्ण दात चुकते, मधेच लोंबकळते, आणि चांगली चेन ‘ताणली’ म्हणून फेकली जाते.

‘टी’ बाजूच्या स्थिर खाचेसमोर आला की दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्हींत किंचित खेळ हवा. रॉकर दबलेले असतील तर आपण चुकीच्या फेरीवर आहोत, मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. आता स्प्रॉकेटवरची गोल ‘ओ’ खूण हेडवरच्या खाचेसमोर असली पाहिजे.

पुढे गेलेलं मॅग्नेट मागे फिरवून खूण जुळवणं

इंजिन डाव्या बाजूने बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. तपासतानाही त्याच दिशेने फिरवायचं. ‘टी’ खाचेच्या पुढे गेला की सगळ्यांचा हात आपोआप मॅग्नेट मागे आणतो, आणि तिथेच मोजमाप बिघडतं. मागे फिरवताच चेनचा सैलपणा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो, क्रँक मागे येतो पण कॅम जागचा हलत नाही. मग ‘ओ’ खाचेच्या पुढे दिसतो. खूण हुकली तर दोन पूर्ण फेऱ्या मारून परत या, किंवा निदान पाव फेरी मागे जाऊन सरळ दिशेने खुणेवर या.

किती चुकलं हे बघितलं, कुठल्या बाजूला ते बघितलं नाही

इथे खरा उलगडा होतो. ‘टी’ बरोबर खाचेवर आहे, मग ‘ओ’ खाचेपर्यंत पोचला नाही की पुढे गेला?

पोचला नसेल तर कॅम उशिरा आहे. झिजून लांबलेली चेन कॅमला नेहमी उशिराच करते, कारण क्रँक ज्या बाजूने चेन ओढतो ती बाजू लांबते आणि टेन्शनर फक्त सैल बाजूचा ढिलेपणा घेतो. हेड घासून बसवलं असेल किंवा ब्लॉकखालचं पॅकिंग पातळ बसलं असेल, तरीही कॅम किंचित उशिरा होतो.

‘ओ’ पुढे गेला असेल तर दोष लांबलेल्या चेनचा असूच शकत नाही. कोणीतरी जोडताना दात चुकवला आहे, नाहीतर चेनने उडी मारली आहे. ढिला टेन्शनर असलेली गाडी गिअरमध्ये ठेवून मागे ढकलली की इंजिन उलटं फिरतं, सगळा ओढ टेन्शनरच्या बाजूला येतो, आणि उडीला तेवढं कारण पुरतं.

आता प्रमाण. या चेनची पिच (लागोपाठच्या दोन कड्यांमधलं अंतर) ६.३५ मिमी, म्हणजे स्प्रॉकेटच्या कडेवर एक दात साधारण तेवढ्या अंतराचा. खूण दोन-तीन मिमी मागे असेल तर झीज, सहा मिमीच्या आसपास असेल तर पूर्ण दात. कॅमच्या स्प्रॉकेटचे दात मोजा आणि ३६० ला त्या संख्येने भागा. २८ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे जवळपास १३ अंश, आणि क्रँकचे त्याच्या दुप्पट, २६ अंशांच्या आसपास. एका दाताने गाडी धापा का टाकते, हे या आकड्यावरून कळेल. ‘एका दाताने काय होतंय’ म्हणून गाडी तशीच परत देणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर करावा.

झीज ठरवायला आणखी एक खूण. स्प्रॉकेटच्या पुढच्या कडेला चेन बोटाने बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन बदलायची.

बॅक मारणाऱ्या किकचा दोष कॅमवर टाकणं

किक उलटी मारते, सायलेन्सर फटाके फोडतो, म्हणून हेड उघडलं जातं. पण या गाडीत स्पार्क सीडीआय नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा देतो आणि त्याला वेळ कळते मॅग्नेटवरून. कॅम कितीही चुकला तरी स्पार्कची वेळ हलत नाही. किक बॅक मारत असेल तर मॅग्नेटची चावी बघा. ही छोटी अर्धचंद्राकृती चावी मॅग्नेटला क्रँकवर एका जागी धरते. ती कापली गेली की मॅग्नेट सरकतं, आणि त्याच्याबरोबर ‘टी’ची रेघही. मग ‘टी’ खाचेसमोर आणून जुळवलेलं सगळंच खोटं.

शंका असेल तर प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकचा स्ट्रॉ आत सोडा, पिस्टनला टेकवा आणि मॅग्नेट हळू फिरवा. स्ट्रॉ जास्तीत जास्त बाहेर येऊन थांबतो तिथे ‘टी’ खाचेसमोर असायला हवा. पेचकस किंवा तार घालू नका. इथलं भोक तिरपं असतं, तार अडकली तर पिस्टनवर ओरखडा किंवा वाकलेला प्लगचा आटा पदरी पडेल.

नुसती चेन बदलणं

चेन एकटी झिजत नाही. टेन्शनरच्या हाताचा रोलर, ब्लॉकमधला गाइड रोलर आणि खालचं दातेरी गाइड स्प्रॉकेट ही तिची सोबत. रोलरचं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने लाकडासारखं टणक होतं, मग त्यावर चेनचा चर पडतो. नखाने दाबून बघा. नख रुतत नसेल किंवा चर दिसत असेल तर नवी चेन त्यावर वाजणारच. स्प्रॉकेटचे दात एका बाजूने आकड्यासारखे वाकलेले असतील तर तेही बदला.

सुटलेल्या रबराचे कपचे ऑइलबरोबर उजव्या बाजूच्या जाळीत जाऊन बसतात. क्लच कव्हर काढून जाळी धुतल्याशिवाय हे काम पूर्ण समजू नये. ऑइल पंप चालतो तोही याच चेनच्या गाइड स्प्रॉकेटच्या दांड्यावर. म्हणून चेन तुटली की कॅमबरोबर ऑइलही थांबतं. जाळी तुंबली तर हेडला ऑइल कमी पडतं, कॅम आणि रॉकर खरवडतात आणि नव्याने टकटक सुरू होते.

टेन्शनरच्या स्प्रिंगला ओढून लांब करणं किंवा खाली वॉशर घालणं, हा उपाय आवाज काही दिवस दाबतो. त्या जादा दाबाने रोलरचं रबर मात्र भराभर खाल्लं जातं.

नवी चेन घेताना जुनी सोबत न्या. दोन्ही एका खिळ्याला शेजारी शेजारी टांगा आणि कड्या मोजा. कड्या सारख्या आल्या पाहिजेत, आणि जुनी किती लांबली तेही तिथेच डोळ्यांना दिसतं.

घाईने जोडणं

मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोड्याने क्रँक वाकतो. टेन्शनरचा खालचा बोल्ट आधी सैल करून स्प्रिंगचा दाब सोडा. स्प्रॉकेटचे बोल्ट काढण्यापूर्वी बोगद्याच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा आणि चेन तारेने बांधून ठेवा. एक बोल्ट आत पडला तर तो मॅग्नेटमागे जाऊन बसतो आणि दोन तासांचं काम दिवसाचं होतं. स्टेटर प्लेटचे (मॅग्नेटमागच्या कॉइल धरणाऱ्या प्लेटचे) ओ-रिंग नवे घाला, जुने परत बसवले तर तिथून ऑइल झिरपणारच.

खुणा जुळवून बोल्ट कसल्यावर कापड आठवणीने काढा. टेन्शनर बसवून त्याच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल घाला, आणि कॅमवरही सोडा. मग किक मारायची नाही. मॅग्नेट हाताने सरळ दिशेने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि ‘टी’ व ‘ओ’ परत बघा. मध्येच कुठे कडक थांबलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. चेनने बरेच दात सोडलेल्या इंजिनात खुणा जुळल्यावरही किक हलकीच लागली, तर व्हॉल्व्ह वाकला आहे. हेड काढा, एकेका पोर्टमध्ये (हवा किंवा धूर जाण्याच्या वाटेत) पेट्रोल ओता आणि व्हॉल्व्हच्या कडेने ओल येते का बघा.

ऑइलची पातळी बघताना डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवा. गाडी सुरू झाल्यावर टॅपेट त्याच दिवशी नाही, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर परत मोजा. आणि पहिलं ऑइल नेहमीपेक्षा लवकर, पांढऱ्या थाळीत काढा. त्यात काळे रबराचे तुकडे दिसले, तर एखादा जुना रोलर आत राहून गेला आहे.