स्कायरिममध्ये चोर-जादूगार कसा घडवावा
२०११ साली आलेल्या स्कायरिम या गेममध्ये चोर आणि जादूगार यांचा मेळ घालायचा असेल, तर विध्वंसक मंत्रांचा मोह टाळून इल्यूजन या भ्रम निर्माण करणाऱ्या जादूविद्येवर भर द्यावा, कारण लपून राहणाऱ्याला खरी साथ तीच देते. गेममधल्या विंटरहोल्डच्या जादू-कॉलेजात मफल हा हालचालींचा आवाज दाबणारा मंत्र विकत घेऊन तो चालता-चालता सतत वापरावा. शत्रू समोर नसतानाही त्याने कौशल्य वाढते. इल्यूजनचे कौशल्य ५० वर पोहोचताच क्वाएट कास्टिंग ही खास क्षमता घ्यावी, म्हणजे सर्वच मंत्र निःशब्द होतात. ही पायरी मी कधीही पुढे ढकलत नाही. स्नीक, म्हणजे लपून वावरण्याचे कौशल्य, ५० झाल्यावर, बॅकस्टॅब आणि डेडली एम या क्षमतांनंतर, असॅसिन्स ब्लेड ही क्षमता घेतली की लपून केलेला खंजिराचा वार १५ पट लागतो. चिलखत हलकेच ठेवावे.