हेच आयुष्य पुन्हा पुन्हा आलं तर? ही कसोटी कशी लावावी

ही कसोटी आख्ख्या आयुष्याला लावायची नाही, एका तासाला लावायची. सगळ्या आयुष्याचं गाठोडं एकदम उचलायला गेलं की माणूस दबतोच.

प्रश्न जर्मन तत्त्ववेत्ता नीत्शे याचा. ऑगस्ट 1881 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिल्वाप्लाना तळ्याकाठी फिरताना त्याला ही कल्पना सुचली, 1882 साली छापून आली. हेच आयुष्य तुला अगणित वेळा, त्याच क्रमाने, जसंच्या तसं जगायचंय, असं एका रात्री सैतानाने येऊन सांगितलं तर त्याला शिव्याशाप द्याल की हात जोडाल?

आपल्याकडे लगेच चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतात आणि घोळ होतो. आपल्या पुनर्जन्मात कर्माप्रमाणे पुढचा जन्म बदलतो, मोक्षाची वाट असते. इथे दोन्ही नाही. मागची फेरीही आठवायची नाही, म्हणून 'कंटाळा येईल' हे उत्तर बाद.

वही घ्या. मी सांगलीजवळ हरिपूरला जाते, कृष्णा-वारणेच्या संगमावर, घाटाच्या पायरीवर बसते. लग्नाबारशाचा दिवस निवडू नका, त्याला कुणीही हो म्हणेल. नकोसा तास घ्या. कोण होतं, हातात काय होतं, तोंडातून काय गेलं, सगळं लिहा.

माझा तास ऑगस्ट 2019 च्या पुरातला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर गेलेलं. आम्ही नातेवाइकांच्या दुसऱ्या मजल्यावर, लाइट नाही. मेणबत्तीपाशी मी भिजलेल्या रेशनकार्डाची पानं सोडवत होते. आई सारखी विचारायची, "आयर्विनला किती झालं गं?" चौथ्यांदा विचारलं तशी मी ओरडले, "कळून काय करणार आहेस तू?" ती गप्प झाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पुन्हा तिने विचारलं नाही.

आता ओळीओळीपुढे हो किंवा नाही लिहा. पुराला मी हो लिहिलं. वेळ लागला. घरात गुडघाभर चिखल, कपाटं फुगलेली, पण त्याच चार दिवसांत माझे अबोला धरलेले दोन्ही भाऊ एका ताटात जेवले. माझ्या त्या वाक्यापुढे मात्र नाही. ते अनंत वेळा यावं आणि दर वेळी आईने गप्प व्हावं, हे मला सोसत नाही. माझ्या आयुष्याचं ओझं म्हणाल तर ते तेवढं एक वाक्य आहे.

नुकतं कुणी गेलं असेल, झोप उडालेली असेल, तर ही वही तूर्त उघडू नका. जवळच्या माणसापाशी बसा, डॉक्टरांना दाखवा.

'नाही' खोडू नका. तसाच तास घरात पुन्हा येऊ घातलाय का, ते बघा. माझ्याकडे आलाय. थोरले दीर हल्ली विसरतात. परवा ऐन मार्चमध्ये, मी भाकरी थापत होते, तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे, "आयर्विनला किती झालं?" दिवसातली पाचवी वेळ. मी हात धुतले, त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, "पाणी तळाला आहे भावजी, काळजी नाही."